मी दमले

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी आजवर हसतच आलोय. कुणी सांगायला लागलं की चेष्टा करणारा पहिला मीच. पण हे माझ्याच तोंडून घडलं... म्हणून लिहितोय.

तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये आमचं ऑफिस आहे. पोलिसांकडून बेवारस सांगाड्यांचे स्कॅन येतात. आमचा प्रोग्रॅम हाडं मोजून सांगतो — बाई की पुरुष. तो निकाल मी पुढे पाठवतो. गाव परभणीकडे, इथे रूमवर एकटाच. सुट्टीच्या दिवशी तर तोंडातून शब्द निघत नाही, बोलणार कुणाशी?

त्या दुपारी कुरुळीजवळ खोदकामात सापडलेल्या सांगाड्याचा स्कॅन होता. तिथल्याच एका कामगाराची मुलगी बेपत्ता होती. शिफ्ट सुटली की ते रोज हवालदारांना फोन करायचे. प्रोग्रॅम म्हणाला, पुरुष. मला बरंच वाटलं हो. म्हणजे त्यांची पोर कुठेतरी जिवंत असेल.

तेवढ्यात शेजारचा सचिन म्हणाला, "चल भावा, जेवायला."

मी म्हणालो, "मी दमले. मला घरी न्या."

सचिन खो खो हसला. "कोण नेणार तुम्हाला, ताई?" मीही हसलो... आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. अहो, मराठी पुरुष झोपेत बरळला तरी 'दमले' म्हणत नाही. आणि मी दमलोही नव्हतो.

निकाल अडवून ठेवला. आमच्याकडच्या हाडांच्या तज्ज्ञ मॅडमना म्हणालो, एकदा तुम्ही स्वतः बघा. त्यांनी कमरेची हाडं फिरवून फिरवून पाहिली. "बाई आहे रे. हाडं दणकट आहेत, त्यात फसला प्रोग्रॅम." पुढे वडिलांशी डीएनए जुळला.

ताण, एकटेपणा, मनाचे खेळ — सगळं लावून पाहिलं. एकही कारण पटत नाही, आजही नाही. त्या माणसाची आशा माझ्यामुळे गेली, याचं वाईट मात्र वाटत राहिलं.

अस्थी ताब्यात देणार होते त्या दिवशी राहवेना, म्हणून पोलीस चौकीत गेलो. मुलीचे वडील बाकड्यावर एकटेच बसले होते. शेजारी बसून सगळं सांगून टाकलं. वाटलं, वेड्यात काढतील.

"दमलीच असंल," ते म्हणाले. "दोन दोन शिफ्टा करायची."

मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "माझं काई इचारलं का तिनं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "नाही."