आयोनीच्या फाटकावरचा भाव

शार्लट्स रेस्टच्या डोंगरावर आयोनी फेसीला खोटं बोलता येत नाही, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. काहींना त्याचं कौतुक वाटतं, काहींना जाच. कुणी अंडी घ्यायला गेलं तर ती आधी सांगणार, "ही तीन कालची, हे एक परवाचं," आणि मगच टोपली पुढे करणार. चर्चमध्ये कुणी नवी टोपी घालून आलं, तर आयोनीला विचारायला कुणी धजावत नाही.

वय चौसष्ट. नवरा लिनव्हल वर्षानुवर्षं सफरचंदाच्या तोडणीला कॅनडात जायचा. गुडघे गेले तसं तिकडून बोलावणं बंद झालं. मग तो घरीच बसला आणि दोन वर्षांत देवाघरी गेला. दोन मुली शहरात सुखात आहेत. उताराची दीड एकर जमीन आयोनी एकटीच करते. आलं, कोनफळ, कुंपणाला तूर, आणि नाताळसाठी सॉरेल, म्हणजे आपली लाल अंबाडी. हिच्या बोंडांचं लालभडक सरबत केल्याशिवाय इथल्या घरात नाताळ होत नाही. आलं ठेचून, उकळतं पाणी ओतून रात्रभर झाकून ठेवायचं. चर्चवाल्यांचं सरबत तिथेच संपतं. बाकीचे त्यात रम ओततात आणि पाद्रीबाबा आले की बिनरमचं वेगळं भांडं पुढे करतात.

पण अंबाडीचा हंगाम म्हणजे जेमतेम सहा-सात आठवड्यांचा खेळ. दिवस लहान झाल्याशिवाय झाड फुलत नाही, आणि नाताळ सरला की त्या बोंडांना कुत्रं विचारत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जो भाव निघतो, त्याच्यावर पुढची बोलणी ठरतात. तेव्हा भाव चांगला निघाला तर डोंगराचा नाताळ गोड. नाहीतर सरबत तेवढं प्यायचं.

हा भाव रेडिओवर सांगतात. सहा वर्षांपूर्वी शेतीखात्याच्या माणसाने डोंगरावरची पाच शेतं निवडली. दर मंगळवारी तो मोटरसायकलवरून येतो आणि फाटकापाशी उभा राहून विचारतो, या आठवड्यात काय विकलं, फाटकावर काय भाव मिळाला? कमीत कमी, जास्तीत जास्त आणि बहुतेकांना मिळाला तो, असे तीन रकाने. बुधवारी सकाळी बातम्यांनंतर ते आकडे वाचले जातात. पाचांत आयोनीचं नाव का, हे कुणी विचारलं नाही. तिचंच नाव येणार होतं.

गेल्या वर्षी आयोनीने लवकर येणारं बियाणं लावलं होतं. ऑक्टोबर संपता संपता तिची झाडं लाल झाली, तेव्हा बाकीच्या डोंगरावर नुसता हिरवा पाला होता. त्या शनिवारी डेल्सिटा तिच्या फाटकाशी आली.

डेल्सिटा म्हणजे गावची जुनी व्यापारीण. पंचवीस वर्षं डोंगरावरून माल उचलते आणि शहराच्या बाजारात बसून विकते. पण त्याआधीचे दोन महिने ती बाजारात नव्हतीच. नवऱ्याचा पाय कापावा लागला आणि ती इस्पितळाच्या बाकावर बसून होती. अंगावरचं मांस उतरलं होतं. गाठोड्यासारखा बांधलेला रुमाल सोडून तिने नोटा मोजल्या, तेव्हा आयोनीने मान दुसरीकडे वळवली. सगळं मिळून चार हजार डॉलरच्या आत होतं.

"सिस्टर, काय भाव लावलास?" डेल्सिटाने विचारलं.

पहिल्या अंबाडीला तीनशेच्या खाली भाव नसतो. आयोनी म्हणाली, "एकशे वीस."

"पौंडाला? एवढाच?"

"यंदा लवकर आलीय. मागणी कुठंय अजून?"

झाडाला टांगलेल्या काट्यावर तीस पौंड मोजले, वर रिवाजाप्रमाणे दोन ओंजळी घातल्या. त्या वरच्या ओंजळींना इथे ब्राटा म्हणतात, आपल्याकडचा वर्ताळा. डेल्सिटा पोतं डोक्यावर घेऊन उतरली. आयोनीने हात धुतले आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले, की देता येईल एवढं त्याने आपल्याजवळ ठेवलं. या हाताचं त्या हाताला कळू नये, हे आईने शिकवलेलं. कळलं नव्हतं. तिला बरं वाटलं.

मंगळवारी मिस्टर वेडरबर्न, शेतीखात्याचा माणूस, आला. तिशीचा, अंगाने बारीक, बोलायला गोड.

"मिस आयोनी, अंबाडी विकलीत म्हणे. कशी गेली?"

"एकशे वीस."

त्याची पेन्सिल थांबली. "हंगामाच्या तोंडाला? एकशे वीस?"

आयोनीच्या ओठांवर आलं, की बाबा, तो भाव नव्हता. पण भाव नव्हता, तर मग काय होतं, हे सांगावं लागलं असतं. आणि डोंगरावर त्या आठवड्यात अंबाडी घेतलेली एकच बाई होती. दिलेलं बोलून दाखवलं की ते दिलेलं राहत नाही. विचारलं काय, तर विकली कितीला. उत्तर खरंच होतं.

"एकशे वीसच," ती म्हणाली.

बाकी चार शेतांवर अजून बोंड धरलं नव्हतं. वेडरबर्नने तिन्ही रकान्यांत एकच आकडा लिहिला.

बुधवारी सकाळी रेडिओ ऐकताना शेजारचे मास हर्बर्ट चहाचा कप हातात घेऊन तसेच उभे राहिले. सत्तरीचे, विधुर, दोन एकर अंबाडी लावलेली. वादळात उडालेल्या छपराचे पत्रे त्यांनी या अंबाडीच्या भरवशावर दुकानात सांगून ठेवले होते. गुरुवारी किंग्स्टनचा ट्रकवाला बोलणी करायला आला आणि खिडकीतूनच म्हणाला, "एकशे दहा. रेडिओवर एकशे वीस सांगितलंय, आणि तेही पहिल्या तोडीला. तुमची येईपर्यंत ढिगारे लागतील."

"दोनशे पन्नासच्या खाली मी माझी झाडं तुला बघूसुद्धा देणार नाही," मास हर्बर्ट म्हणाले.

"मग तुम्हीच बघत बसा, पपा," म्हणून ट्रकवाल्याने गिअर टाकला. चार घरं पुढे कुणीतरी एकशे दहाला हो म्हटलं. मग दुसऱ्याने म्हटलं.

मास हर्बर्ट कुंपण ओलांडूनच आयोनीकडे आले.

"मिस आयोनी, तुमच्या खरेपणाचं आम्ही लोणचं घालायचं का?"

"मी विकली तेवढ्यालाच, मास हर्बर्ट."

"अहो पण का? तुम्हाला काय ऊन लागलं होतं? तीस वर्षं अंबाडी लावताय तुम्ही!"

आयोनी बोंडं टोपलीत टाकत राहिली.

"बरं, झालं ते झालं. येत्या मंगळवारी तीनशे सांगा."

"तीनशेला विकली नाही तर कसं सांगू?"

"मग फोन करून सांगा चुकलं म्हणून!"

"चुकलं नाही."

मास हर्बर्टनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "माझ्या डोक्यावर ताडपत्री आहे, बाई. तुमच्या डोक्यावर छप्पर आहे. एवढंच सांगतो." आणि गेले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं झालं. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा असूनही कुणी बसलं नाही. ज्या बाया दर रविवारी गालाला गाल लावतात, त्यांनी लांबूनच हात हलवला. गाणं चालू असताना आयोनीचं लक्ष शब्दांवर नव्हतं. ती मनात सारखा एकच हिशेब करत होती. सांगावं तर डेल्सिटाची लाज जाते. न सांगावं तर सगळ्या डोंगराचा नाताळ जातो. डेल्सिटा तीन बाक पुढे बसली होती. तिला यातलं काही माहीत नसावं. नवऱ्याच्या औषधपाण्यापुढे रेडिओ ऐकायला तिला फुरसत कुठली. तिच्या मानेकडे बघता बघता आयोनीला एकदम आठवलं, "मागणी कुठंय अजून" हे आपण म्हणालो होतो. एवढं सरळ, डोळ्यांत डोळे घालून. वेडरबर्नला तिने खरंच सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं ते डेल्सिटाला. आणि आठ दिवस आपण त्याबद्दल देवाचे आभार मानतोय.

उरलेलं प्रवचन तिला ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी ती तुरीच्या शेंगांची परडी घेऊन डेल्सिटाकडे गेली. नवरा ओट्यावर खुर्चीत बसला होता, पायाच्या जागी दुमडलेली पँट टाचणीने लावलेली. डेल्सिटा मागे कपडे वाळत घालत होती. आयोनीने परडी खाली ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. भाव तीनशे होता. मी तुला एकशे वीस सांगितला. मागणी नाही म्हणाले ते खोटं होतं.

डेल्सिटाच्या हातातली चादर तशीच राहिली.

"म्हणजे तू मला भीक घातलीस."

"भीक नाही गं..."

"मग काय? पंचवीस वर्षं मी तुझ्याशी पैशापैशावरून भांडले. तुझा काटा खरा आहे का, हात लावून बघितलाय मी! आणि तू मला..." तिने चादर दोरीवर फेकली. "तोंडावर म्हटली असतीस, डेल्सिटा, एवढं कमी दे, तर मी तोंडावर नाही म्हटलं असतं. म्हणून नाही म्हणालीस ना?"

"हो. म्हणूनच."

"आणि तुला माहितीये मी बाजारात काय केलं?" डेल्सिटाचा आवाज चढला. "एकशे ऐंशीने विकली! बाजारात दुसऱ्या कुणाची अंबाडीच नव्हती, मी विचारू कुणाला? बाया तुटून पडल्या. तासाभरात पोतं रिकामं. मला वाटलं देवाची कृपा! चारशेने गेली असती, आयोनी फेसी. चारशेने! तुझी दया माझ्या हाताला लागलीच नाही. शहरातल्या बायांनी प्यायली ती, आलं घालून."

ओट्यावरून तिचा नवरा हसला. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा असेल. "सरबत गोड झालं असेल," तो म्हणाला.

"तू गप्प बस," डेल्सिटा म्हणाली.

आयोनीने मग रेडिओचं सांगितलं, ट्रकवाल्याचं सांगितलं, मास हर्बर्टच्या पत्र्यांचं सांगितलं. "उद्या वेडरबर्न येईल. माझ्याकडून कुणी काही घेतलं नाही या आठवड्यात. तू म्हणशील तर मी त्याला सांगते, तो भाव नव्हता म्हणून. पण मग कुणाला आणि का, ते डोंगराला कळेल. म्हणून तुला विचारायला आले."

डेल्सिटाने परडी उचलली, शेंगा बघितल्या. "तूर जून झालीय," एवढंच म्हणून आत गेली. ना हो म्हणाली, ना नाही.

मंगळवारी वेडरबर्नची मोटरसायकल फाटकापाशी थांबली, तेव्हा मास हर्बर्ट कुंपणाशी काहीतरी खुरपत असल्याचं सोंग करत उभे होते. तिथे खुरपण्यासारखं काही नव्हतं. वेडरबर्नने वही उघडली. आयोनीने ओठ ओले केले. काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं, एवढंच ठरलं होतं की खोटं सांगायचं नाही. तेवढ्यात चढावरून धापा टाकत डेल्सिटा आली, काखेत रिकामं पोतं.

"गुड मॉर्निंग. अंबाडी आहे?" तिने असं विचारलं, जणू हे घर ती पहिल्यांदाच बघतेय.

"आहे."

"काय भाव?"

आयोनीने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तीनशे."

"तीनशे! सोनं लावलंय का देठाला? अडीचशे."

"अडीचशेला काल तोडलेली मिळेल. ही आज सकाळची आहे."

"दोनशे साठ. आणि बोंडं मी निवडून घेणार."

"निवडायला हात लावलास तर तीनशे वीस."

"बघा हो मिस्टर, कशी बोलते चर्चची बाई!" डेल्सिटा वेडरबर्नकडे वळली. त्याने पेन्सिल कानावर ठेवली होती आणि तो गालात हसत होता. कुंपणाशी मास हर्बर्टचं खुरपं केव्हाच थांबलं होतं. दोघी पाव तास भांडल्या. शेवटी दोनशे ऐंशीवर मिटलं. डेल्सिटाने तोच रुमाल सोडला आणि अठरा पौंडांचे पैसे मोजले. एकशे ऐंशीने विकलेल्या मालातून उभे राहिलेले. अठराच्या वर तिला परवडत नव्हतं. आयोनीने या वेळी मान वळवली नाही. नोटा घेतल्या आणि मोजून घेतल्या.

वेडरबर्नने लिहिलं.

"आणि ब्राटा?" डेल्सिटाने पोत्याचं तोंड पसरलं.

आयोनीचा हात ढिगाऱ्यावर थबकला. आठ दिवसांत तिला कुठल्याच देण्याचा भरवसा उरला नव्हता. "मिस्टर वेडरबर्न," ती म्हणाली, "ब्राटा दिला तर भाव तेवढा कमी लिहावा लागेल का?"

"ब्राट्याला रकाना नाही, मिस आयोनी," तो वही मिटत म्हणाला. "तो भावात धरत नाहीत."

आयोनीने भरभरून एक ओंजळ घातली. मग दुसरी. तिसरीसाठी ती वाकली, तेव्हा डेल्सिटाने पोत्याचं तोंड आवळून धरलं.

"पुरे," ती म्हणाली. "दोन रिवाजातल्या."

बुधवारी मास हर्बर्टनी रेडिओ खिडकीत आणून एवढा मोठा लावला की खालच्या वळणापर्यंत ऐकू गेला. त्या दिवशी ट्रकवाला आला नाही. शुक्रवारी आला, आणि या वेळी गाडीतून उतरून बोलला. ज्यांनी एकशे दहाला शब्द दिला होता, त्या दोघांचं मात्र गेलं ते गेलं; नंतर कितीतरी दिवस त्यांनी आयोनीला रस्त्यात ओळख दिली नाही. मास हर्बर्टनी दोनशे चाळीस घेतले. छपराची पुढची बाजू नाताळाआधी झाली. मागची झाली नाही.

डेल्सिटा पुढच्या शनिवारी आली आणि आयोनीच्या काट्याला हात लावून बघितला.