मालकांचा गुडघा अन् उजवा कान

लगीन हून मी मुळेकाठच्या त्या गावात आले तवा लढाई चालू हुती. कापड कंट्रोलवर, राकेल कंट्रोलवर, गूळ तर डोळ्याला दिसायचा न्हाई. पर आमच्या गावाला त्याचं काई न्हवतं. गावाला एकच घोर, चैताच्या जत्रंत नदीपलीकडच्या गावाला हुतूतूत हरवायचं कसं. अन् ते काम आमच्या मालकांचं.

ते दम धरून आत घुसायचे, दोघा-तिघांना शिवायचे, अन् पायाला मानसं लोंबत असली तरी तशीच वढीत आणून मधल्या रेघंला हात लावायचे. पैल्या जत्रंत मी बायांच्यात उभी हुते. चार गडी अंगावर घिऊन आमचं मालक रांगत रेघंवर आलं. शेजारीण म्हनली, नशीब काढलंस बाई. माझं ध्यान त्यांच्या चड्डीकडं. ती फाटली असती तर घरात दुसरी न्हवती.

जिंकला की गड्याला खांद्यावर घिऊन गावभर फिरवायचे अन् दर घरानं त्याला पुरनपोळीचा एक घास भरवायचा, असा मान. आमचं गाव काई लहान न्हाई. निम्म्या गावात खांदे बदलावे लागायचे, अन् मारुतीपशी आलं की खांदेवाले म्हनायचे, आता चाला पायी. मंग रातच्याला पोट धरून मालक झोपायचे अन् सकाळी त्यांच्या आंगुळीला मी नदीच्या दोन खेपा जास्तीच्या घालायची.

तीन जत्रा अशा गेल्या. चवथ्या जत्रंत मालक आत गेले अन् आतच ऱ्हायले. पैल्याच दमात धरले.

गाव दोन म्हैने पारावर बसून त्याचाच इचार करीत हुतं. कुनी म्हनलं नजर लागली. कुनी म्हनलं बायकूच्या भाकरीत जोर न्हाई. सासूबाई म्हनल्या, लगीन झालं की गडी ढिला पडतो. लगीन तर पैल्या जत्रंच्या आदी झालं हुतं, पर सांगायचं कुनाला. मी भाकरी थापीत ऱ्हायले.

गुडघा मातर खरंच सुजला हुता. त्याला एरंडेल लावलं, बिब्बा लावला, ईट तापवून शेकला. सासूबाईंनी मिरच्या ववाळल्या. एकानं सांगितलं म्हनून सरकीच्या पेंडीचा लेप दिला, तर म्हस दावं तोडून आली अन् गुडघा चाटून गेली. सूज थोडी उतरली ती त्या म्हशीमुळं का बिब्ब्यामुळं, हे अजून कुनाला ठावं न्हाई.

पुढच्या जत्रंला म्हैना ऱ्हायला तवा आमी बैल घ्यायला घोडेगावच्या बाजारात गेलो. माझं माहेर तिथनं कोसावर, म्हनून मी बी गाडीत. माझा मामा बाजारात बैलं पारखायचा. दात बगायचा, खूर उचलायचा, चालवून बगायचा, अन् एका शब्दात सांगायचा. त्यानं आमाला बैल निवडून दिला. मंग मी हळूच म्हनले, मामा, ह्यास्नी बी बग.

मामानं इचारलं बी न्हाई का म्हनून. त्यानं मालकांना झाडापतूर चालवलं, माघारी बोलावलं, खाली बसून गुडघा दाबला अन् कान लावून ऐकला. दात बगायला जबड्याला हात घालीत हुता, मालकांनी तोंड मिटलं म्हनून ऱ्हायलं. भवती चार गिऱ्हाईकं जमली. एकानं इचारलं, नांगराला चालंल का.

मामा म्हनला, "किती हंगाम पळलास?"

"चार."

"शर्यतीचा बैल बी तेवढाच पळतो, बाबा. तू आत जातो त्यानं काई हुत न्हाई. माघारी वळतो, तवा सात जन पाय धरून वढत्यात अन् गुडघा पिळतो. धोतर रोज पिळलं तर किती दिस टिकंल? अजून एक हंगाम पळ, मंग तुला उठवायला दोघं लागत्याल."

घराजवळ आल्यावर मालक म्हनले, ही जत्रा खेळनार. जिंकलो की मंग पुढची बी.

आता माझी गोष्ट. मला एक ठावं हुतं, जे गावात कुनाला ठावं न्हवतं. आमच्या घरी गुळाचं मडकं फळीवर असायचं. मालक चोरून गूळ घ्यायला आले की आदी उजव्या कानाला हात लावायचे, मंग डावा हात मडक्यात. दर येळी. अन् मैदानात बी तसंच. उजवा कान धरला की हे डावीकडं वळनार. मी दुसऱ्याच जत्रंत वळखलं. पलीकडच्या गावाला वळखायला चार जत्रा लागल्या, त्यास्नी गुळाचं मडकं बगायला मिळालं न्हवतं ना.

सांगितलं असतं तर मालक पुन्यांदा जिंकले असते. जिंकले की पुढची जत्रा. अन् पेरनीला आमच्या घरात पाय म्हंजे बैलाचे आठ अन् ह्यांचे दोन.

जत्रंच्या दिवशी सकाळी ते माझ्याफुडं बसले, मी गुडघ्याला तेल चोळीत हुते. म्हनले, "आगं, खरं सांग. माझं काय चुकतंय?"

मी म्हनले, "काई न्हाई."

दुपारी ते आत घुसले, एकाला शिवले, अन् त्यांचा हात उजव्या कानाकडं गेला. पलीकडचे सातबी जन आदीच डावीकडं जाऊन उभे हुते, पाव्हन्याची वाट बगावी तसे. मालक आपनहून त्यांच्यात गेले. वरचे सात जन उठले तवा खाली मालक बसले हुते, तोंडात माती अन् दम कवाच गेलेला.

त्या दिवशी खांदा न्हाई, पोळी न्हाई. घरी आले, माझ्या हातचं पिठलं-भाकर जेवले. म्हनले, बरं झालंय. जत्रंच्या दिवशी पैल्यांदाच घरी जेवत हुते. त्यानंतर ते हुतूतूला गेले न्हाई, कुनी बोलवलं बी न्हाई.

मामानं पारखलेला बैल तिसऱ्या वर्षी बसला. मालक न्हाई बसले. नातवंडं झाली तरी बिगर काठीचे मळ्यात जायचे.

म्हातारपनी एकदा मी चुलीपशी बसले हुते. मागं ते आले. भिताडावर सावली पडली, सावलीनं कान धरला.

मी वळून न बगता म्हनले, "थोडा ठिवा, च्याला लागतो."

हात मडक्यातच थांबला. म्हनले, "तुला आगूदर कसं कळतं गं?"

"काई न्हाई," मी म्हनले, "मडकं वाजलं."