लखमीचंदभाऊंची अकरा घड्याळं

कारंज्यात लखमीचंदभाऊंचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. भाऊ पातेली विकतात ती पोटासाठी. जगतात ते जुन्या क्रोनोग्राफ घड्याळांसाठी. म्हणजे ज्या घड्याळाच्या तबकडीत आणखी दोन-तीन चिमुकल्या तबकड्या असतात आणि बाजूचं बटण दाबलं की एक काटा शर्यतीची वेळ मोजायला निघतो, ते घड्याळ. कारंज्यात शर्यती कुठल्या? मग गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की भाऊ हळूच बटण दाबतात. धनजच्या हिरीबाईनं कुकर घेताना केलेला विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

उरलेला वेळ मोबाइलवर जुन्या घड्याळांचे भाव तपासण्यात जातो. "डायल नव्यानं रंगवली, काटे दुसऱ्याचे, अन् भाव पाहा याचा!" असं ते मोबाइललाच सुनावतात. विकणारा परदेशात असतो, म्हणून वाचतो.

अडचण एकच. एका चातुर्मासात भाऊंनी मुनिमहाराजांसमोर परिग्रहाची मर्यादा घालून घेतली, म्हणजे आपल्याजवळ कोणती वस्तू किती ठेवायची त्याचं व्रत. जमीन, सोनं सांगताना आवाज खणखणीत होता. घड्याळांपाशी तो कापरा झाला. "अकरा," म्हणाले. घरात तेव्हा अकराच होती.

आणि परवा ऑनलाइन लिलावात ते घड्याळ आलं, ज्याची भाऊ अर्धं आयुष्य वाट पाहत होते. डायल अस्सल, भाव वाजवी, लिलाव त्याच दुपारी बंद होणार. बोली लावायची तर आधी घरातलं एक बाहेर जायला हवं.

"बाबा, माझ्या नावानं घ्या," सून रुचा म्हणाली. "व्रत तुमचं आहे."

"अन् रोज चावी कोण देईन त्याले?"

"तुम्हीच."

"मंग माझंच झालं ना ते!"

शेवटी आसेगावच्या बदरुद्दीनभाईंना निरोप गेला. हे बांगड्यांचे व्यापारी. भाऊंच्या एका पोलादी घड्याळावर त्यांचा कधीचा डोळा. फटफटीवरून धुळीसकट हजर झाले.

"भाऊ, भाव बोला. मी घासाघीस करत नाही."

भाऊंनी भाव सांगितला आणि त्यांच्यातला पारखी खडबडून जागा झाला.

"पण हा मधला काटा मूळचा नाही, बरं का."

"चालते."

"काचही बदलली हाय."

"मले पसंत हाय ना, भाऊ!"

"या भावात? बदरूभाई, तुमी लुटले जाऊन राह्यले!"

"कोण लुटून राह्यलं?"

"मी!"

भाऊंनी भिंग काढलं. एकेक खोट दाखवत ते भाव खाली आणू लागले, आणि बदरुद्दीनभाई लाजून तो वर नेऊ लागले. जुंपली ती चांगलीच. कसाबसा सौदा ठरला, घड्याळ बदरुद्दीनभाईंच्या मनगटावर चढलं, तोच रुचा मोबाइल घेऊन आली.

"बाबा, लिलाव संपला. गेलं ते."

भाऊंनी भिंग मिटून ठेवलं. बदरुद्दीनभाईंनी नुकतंच घेतलेलं घड्याळ मनगटावरून काढून पुढे ठेवलं. "हे तरी ठेवा. आता कायले विकता?"

भाऊंनी घड्याळ उचललं, पुसलं, चावी दिली आणि पुन्हा त्यांच्याच मनगटावर बांधलं.

"न्या. एक जागा रिकामी असली म्हणजे पुढच्या खेपेले बोली तरी लावता येईन. तुमच्यासंगं भांडून मंग लिलावाले जाणं काही जमत नाही आपल्याले." मग म्हणाले, "बटण हळू दाबा. पाण्यापासून जपा. अन् चावी सकाळीच."

बदरुद्दीनभाई "हो, हो" म्हणत राहिले. घड्याळ देऊन झालं होतं. मनगट मात्र भाऊंनी बराच वेळ सोडलं नाही.