आठ दिवसांचं पाणी

कोंबडीच्या तहानेचा आमच्या घरमालकीणबाईंइतका विचार आजवर कुणी केला असेल असं मला वाटत नाही. ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीला एका सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होतो. नुकतंच लग्न झालेलं आणि बाईंच्या जांभ्या दगडाच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळालेल्या. बाई इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. सगळी आळी त्यांना 'सिस्टर' म्हणायची, म्हणून आम्हीही सिस्टरच म्हणू लागलो. घर दाखवताना त्यांनी दोन्ही खोल्या दोन मिनिटांत उरकल्या आणि परसातलं खुराडं दाखवायला अर्धा तास घेतला. वारा कुठून येतो, ऊन किती वाजता सरकतं, मुंगूस कुठून शिरू शकतं, सगळं सांगितलं. भाड्याचं बोलणं माझ्या बायकोलाच काढावं लागलं.

खुराड्यात बावीस कोंबड्या होत्या. त्यांना नावं नव्हती, खाटांसारखे नंबर होते. "सात नंबरला आज हलकं द्यायचं," असं म्हणून त्या पेजेची वाटी घेऊन जायच्या. खुडूक बसलेली कोंबडी म्हणजे बाळंतीण, तिच्या आसपास कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मी एकदा तिथे शिंकलो, तर मला आठ दिवस परसात यायची बंदी झाली. कोंबड्याला मात्र नंबर दिलेला नव्हता. भेटीची वेळ संपल्यावरही वॉर्डात घुटमळणारा नातेवाईक, असंच त्याच्याकडे त्या बघत.

इस्पितळ सोडताना त्यांनी बरोबर काय आणलं होतं, तर सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, पोतंभर. त्यातली एक भरून बशीत उलटी उभी केली, हे त्यांचं पहिलं यंत्र. बाटलीचं तोंड बशीतल्या पाण्यात बुडालेलं असेतो वरचं पाणी खाली येत नाही. कोंबड्या पाणी प्यायल्या, तोंड उघडं पडलं, की एक बुडबुडा वर जातो आणि तेवढंच पाणी खाली उतरतं. हे बघायला त्या मला हाताला धरून घेऊन जायच्या. "सलाईन कधी मोकळं सोडायचं नसतं," त्या सांगायच्या, "पेशंट घेईल तेवढंच जायला हवं." पण बाटली तास-दीड तासात संपायची. मग लोणच्याची बरणी आली, ती दिवसभर पुरली. मग तेलाचा पत्र्याचा डबा आला, तो दोन दिवस. आम्ही राहायला आल्यापासून सहा महिन्यांत परसात इतकी उलटी भांडी झाली की माझ्या बायकोला स्वयंपाकघरातलं सुलटं पातेलं बघून चुकल्यासारखं वाटायचं.

एवढं मोठं करायचं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. नळाला पाणी होतं, परसात विहीर होती, आणि बाई दिवसभर घरीच. सिस्टर डब्याची कड घासत होत्या. म्हणाल्या, "आक्काकडे जायचंय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मंडणगडच्या बाजूला एका खेड्यात सासरीच राहिलेली, नवरा गेलेला, डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नव्हतं. सगळ्या रत्नागिरीची ही सिस्टर सख्ख्या बहिणीला नऊ वर्षं भेटलेली नव्हती. आधी नोकरीत रजा घ्यायची सवय नव्हती, निवृत्त झाल्यावर कोंबड्या आल्या. "आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते," त्या म्हणाल्या, आज भाजीला काय आहे ते सांगावं तशा. "आता आक्का बोलावतेय. ते काय एका दिवसात जाऊन यायचं गाव नाय. आठ दिवस तरी हवेत."

"मग जा की. आम्ही बघू कोंबड्यांकडे."

"दुसऱ्याच्या गळ्यात घातलेली ड्यूटी ही ड्यूटी नसते," असं म्हणून त्यांनी पुन्हा कड घासायला घेतली. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "तुम्ही नकाशे काढता ना?"

अशा रीतीने मी त्या कामात ओढला गेलो. आठ दिवसांच्या पाण्यासाठी साठ लिटरचं पत्र्याचं पिंप लागणार होतं. एवढं पिंप भरून उलटं करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणून ते उभंच ठेवायचं, तळाशी एक भोक पाडायचं, खाली पसरट परात डाख देऊन जोडायची आणि पिंप भरल्यावर वरचं बूच सायकलच्या ट्यूबचं रबर लावून घट्ट बंद करायचं, असं ठरलं. मी ट्रेसिंग पेपरवर छेद, उंची, सगळं काढून दिलं. बाजारात पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे चाचा होते, त्यांनी आठवड्यात पिंप तयार केलं. आम्ही ते भरलं, बूच लावलं, भोकाची खुंटी काढली, आणि पाणी जे परातीवरून वाहू लागलं ते थांबेना. कोंबड्या चिपळूणला पूर आल्यावर माणसं चढून बसतात तशा खुराड्याच्या छपरावर जाऊन बसल्या. मी नकाशात भोक परातीच्या काठापेक्षा बोटभर वर दाखवलं होतं. चाचांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "माझ्या ध्यानात आलं होतं. पण कागद सरकारी होता, म्हणून मी बोललो नाय." सिस्टरनी तो ट्रेसिंग पेपर नीट घडी करून फडताळात ठेवला, आधीचं भोक बुजवून घेतलं आणि पुढचं भोक स्वतः बोटाने मोजून पाडून घेतलं. ते बरोबर आलं.

दाण्यासाठी पन्हळीचं पाणी उतरवायच्या पत्र्याच्या नळ्या आणल्या. तीन नळ्या भिंतीशी उभ्या, वरून झाकण, खाली वाकवलेलं तोंड. आत तांदळाच्या कण्या, कोंडा आणि सुक्या मासळीची कुटी. कोंबडी जेवढं टिपेल तेवढंच खाली घसरायचं. सगळं जमल्यावर सिस्टरनी रजेचा सराव करायचा ठरवला. तीन दिवस त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन राहिल्या. आपण गावाला गेलो आहोत असं कोंबड्यांना वाटलं पाहिजे, म्हणून त्या कुजबुजत बोलायच्या, आणि त्यांच्यामुळे आम्हीही. दारावर आलेल्या मासेवालीशी माझी बायको कुजबुजत घासाघीस करायची. खिडकीच्या फटीतून सिस्टर तासातासाला बाहेर बघायच्या आणि कागदावर काहीतरी टिपून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक कोंबडी नुसतीच उभी दिसली. "चौदा नंबर पीत नाय," त्या व्याकूळ होऊन म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. बायकोने त्यांना हाताला धरून बसवलं. पाच मिनिटांनी चौदा नंबर प्यायली, तेव्हा सिस्टरनी पदराने डोळे पुसले आणि चहा मागितला.

वैशाखात एका सकाळी त्या एसटीने निघाल्या. पिशवीत आक्कासाठी मऊ लुगडं, फणसपोळी आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. मी स्टँडवर पोचवायला गेलो. खिडकीतून त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "कशालाही हात लावायचा नाय. नुसतं बघायचं."

चार दिवस मी नुसतं बघितलं. पिंप सुरेख चाललं होतं, दर थोड्या वेळाने पोटातून गडगड आवाज करत पाणी सोडायचं. पाचव्या दिवशी सकाळी कोंबड्या नळ्यांपुढे रांगेत उभ्या दिसल्या, खाली दाणा नव्हता. नळ्या तर अर्ध्याअधिक भरलेल्या. वैशाखातली आमची दमट हवा कुटीला लागली होती आणि कोंडा आत गच्च बसला होता. मी बायकोकडे बघितलं. हात लावायचा नाही, असं बजावलेलं होतं. "हात लावू नका," ती म्हणाली, "लाटण्याने ठोका." मी ठोकलं. आतलं ढेकूळ सुटलं, दाणा भसकन खाली आला, बावीसही एकदम तुटून पडल्या. मग रोज सकाळ-संध्याकाळ लाटणं घेऊन माझी फेरी सुरू झाली.

आठवा दिवस गेला, सिस्टर आल्या नाहीत. नवव्या दिवशी पिंप गडगडायचं थांबलं. मी विहिरीचं पाणी शेंदून कळशीने परातीत ओतू लागलो, कचेरीत उशिरा जाऊ लागलो. अकराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. अक्षर टपोरं, औषधाच्या चिठ्ठीसारखं मोजकं. 'आक्का हात सोडत नाही. रात्री उठून चाचपून बघते. अजून थोडे दिवस राहते. कोंबड्यांकडे बघा. हात लावलात तरी चालेल.' बायकोने ते कार्ड दोनदा वाचलं आणि कण्यांची परडी उचलून परसात गेली.

एकोणिसाव्या दिवशी सिस्टर परतल्या. तोंड उन्हाने रापलेलं, अंगावर आक्काचं एक जुनं लुगडं. पिशवी ओटीवर ठेवून सरळ परसात गेल्या आणि एकेक कोंबडी मोजली. बावीस भरल्या. सात नंबर त्यांच्या पायांवरून चालत गेली, पण वर बघितलं नाही. सिस्टर जरा उभ्या राहिल्या.

"काही अडलं नाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी नळीवरून हात फिरवला. पत्र्याला वरपासून खालपर्यंत पोचे आले होते. बोटांनी त्यांनी ते एकेक चाचपले. "रजेवर गेलेल्या माणसाला वॉर्डातलं सगळं सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. "बरं केलंत."

पुढच्या दिवाळीपर्यंत त्या आणखी तीनदा मंडणगडला जाऊन आल्या. कुटी उन्हात कडक वाळवून भरली की अडकत नाही हेही त्यांनी शोधून काढलं. आळीतल्या बायका परसात येऊन पिंपाकडे बघत उभ्या राहू लागल्या. कोंबड्या घरोघरी होत्या, आणि कोंबड्यांपायी माहेरी न गेलेल्या बायकाही घरोघरी होत्या. सिस्टर प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारायच्या, कोंबड्या किती आणि माहेर किती लांब. त्यावरून पिंपाचं माप ठरायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या पाच बायका माहेरी गेल्या. दुपारच्या वेळी आळी कशी निवांत असायची, पुरुषमंडळी घरोघरी भात करपवायची, आणि सिस्टर छत्री घेऊन पाचही परसांतून हिंडायच्या.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला परसात गेलो. मंडणगडहून नुकत्याच परतलेल्या सिस्टर नवीन डब्याच्या तळाशी भोक पाडत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आक्का गेली आषाढात. मी जवळ होते. चमच्याने पाणी घातलं, ते प्यायली." एवढं सांगून त्यांनी डबा उजेडाकडे धरला आणि भोक नीट आलं का ते एक डोळा मिटून बघितलं. कोपऱ्यावरच्या घरात नवी सून आली होती, तिला पहिल्यांदाच चार दिवस आईकडे जायचं होतं.