कोयतीला जागा पसंत पडत नसे

कोयती आधी मारायची आणि मग कारण सांगायची. कधीकधी कारण सांगायचं राहूनच जायचं, ते मार खाणाऱ्यानं आपलं आपण शोधायचं. मी चाळीस वर्षं तिचा नवरा होतो, मला सगळी कारणं पाठ आहेत.

हे नाव गावानं ठेवलेलं. आमचं गाव कोपरखैरण्याच्या बाजूला, खाडीकाठी. शहर वसवायला शेतं गेली तेव्हा मोजणीवाला साखळी घेऊन आमच्या खाचरात उतरला. ही बांधावर गवत कापत होती. तिनं कोयतीनं त्याची पँट मांडीपासून घोट्यापर्यंत फाडली, थोडी कातडीही गेली. चार पोलीसबायांनी हातपाय धरून तिला उचलली आणि गाडीत टाकली. पुढं पैसे आले, बिल्डिंग झाली, आम्ही करंजाड्याला पाचव्या माळ्यावर राहायला गेलो. तिथं तिनं सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खांद्यावर तुळशीची कुंडी घातली. तो बिचारा लादी बदलायची म्हणून आमच्या दारापुढं टेप लावून बसला होता. मी म्हटलं, "अगं, लादी मोजत होता तो." तर म्हणाली, "आधी लादीच मोजतात."

मग डॉक्टर म्हणाला, हिचं हृदय थकलंय, फार दिवस नाहीत. ऑपरेशनला ती नाही म्हणाली. आमचा नरेश घायकुतीला आला. त्यानं गाडीच्या टपावर तंबू बसवून घेतलेला. बंद केला की पेटीसारखा, उघडला की वर खोली तयार, खाली शिडी. मित्रांबरोबर तो नेपाळपर्यंत जाऊन आलेला. त्यानं विचारलं, "आये, तुला काय पाहिजे ते सांग."

"मला अशा जागंवर निजायचंय, जिथून मला कुनी ऊठ म्हननार नाय."

"मग चल नेपाळला. तंबू टाकायला जागाच जागा हाय."

आम्ही तिघं निघालो. सरहद्दीवर गाडीचा परवाना काढला, पंधरा दिवसांचा. नरेशच्या मोबाईलवर नकाशा होता, त्यात मुक्कामाच्या जागांवर टिंबं. कुठं पाणी आहे, कुठं संडास आहे, कुठं फुकट, सगळं लिहिलेलं. त्या टिंबावर पोचलं की कोयती चपला काढून उतरायची. टाचेनं जमीन दाबायची, चिमूटभर माती हुंगायची आणि मान हलवायची. पहिला मुक्काम हॉटेलच्या आवारात होता. मालकानं सकाळी दहाला जागा खाली करा असं सांगितलं, तिनं त्याच्या हातातली चहाची किटली लाथेनं उडवली. दुसरा पेट्रोलपंपाच्या मागं. तिथं एक ट्रकवाला आमच्या चाकावर मुतायला उभा राहिला, त्याला वरून कळशी बसली. त्याच्या कपाळातून रक्त आलं आणि आम्हाला तंबू न मिटताच गाडी पळवावी लागली. तिसरी जागा नदीकाठी, गोऱ्या लोकांचे तंबू, फुलझाडं, दिवे. मला तर आवडली होती. तिथल्या वॉचमननं पावती मागितली. त्याची शिट्टी तिनं हिसकून नदीत टाकली.

नरेश वैतागला. "आये, तू जागा शोधतेस का मानसं मारतेस?"

"जागंवर आदी मानूसच उभा असतो, त्याला मी काय करू?"

दहाव्या दिवशी डोंगरात संध्याकाळी धुकं उतरलं. नकाशात एक टिंब होतं. फुकट, सपाट, गाडी आत जाते. फोटोही होता, मोकळ्या रानाचा. गाडी आत गेली. कोयतीला ताप होता, तिला तशीच शिडीनं वर चढवली. त्या दिवशी तिनं जमीन तपासली नाही.

उजाडता उजाडता खालून बोंब ऐकू आली. मी शिडी उतरलो आणि शेवटच्या पायरीवरच बांबू कानावर बसला. एक काटकुळा म्हातारा बांबू उगारून उभा होता. दुसरा फटका खांद्यावर आला, मी चिखलात पडलो. नरेश जॅकचा दांडा घेऊन धावला. म्हाताऱ्यानं कमरेचा विळा उपसला. मला वाटलं, आता इथं एक तरी मरणार.

तेवढ्यात कोयती उतरली. तिनं खाली बघितलं. भाताची रोपं होती, वीतभर, पोपटी. लावणीला आलेली. आमच्या चारही चाकांनी त्यांचा लगदा केला होता. फोटो हिवाळ्यातला असणार, तेव्हा रान रिकामं असेल.

तिनं नरेशच्या हातातला दांडा ओढला आणि त्याच्याच पोटरीवर हाणला. "नऱ्या! मुर्द्या! रोपांवर गाडी घातलीस?" पोरगा एका पायावर नाचायला लागला. मी उठत होतो, तर मला थोबाडीत. "आनि तुमी! जल्म शेतात गेला ना तुमचा?" मग तिनं गाडीचा आरसा फोडला, दोन्ही दिवे फोडले, आणि दांडा म्हाताऱ्याच्या पायाशी टाकला. "घे. तुझी रोपं मोडली, यांची गाडी मोडली. अजून फोडायची तर फोड."

म्हाताऱ्याला मराठी कुठलं कळणार? पण त्याचा विळा खाली आला. तो हिंदीत मला म्हणाला, "ये आपकी औरत है? आप जिंदा कैसे हैं?"

त्याच्या बायकोनं माझ्या कानाला हळद लावली. कोयतीनं लुगड्याचा काष्टा मारला आणि उरलेली रोपं घेऊन ती खाचरात उतरली. तीस-पस्तीस वर्षांनी तिचे पाय चिखलात गेले असतील. ताप होता, धाप लागत होती, तरी ओळ सरळ. लावणीला आलेल्या गावच्या बायांपैकी कुणाची ओळ वाकडी गेली तर तिच्या पाठीत बुक्का. त्या बाया खिदळायच्या, त्याही चिखल फेकून मारायच्या. आम्ही गाडी गोठ्याजवळ लावली. म्हातारा म्हणाला, "दीदी, जब तक मन करे, रहो." तिनं ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. त्या रात्री ती घोरत झोपली.

चार दिवस राहिलो. परवाना संपत आला. डॉक्टर दूर, तिचे ओठ निळे पडायला लागलेले. मी म्हटलं, निघू. ती म्हणाली, "तुमी जा. मी हितंच मरनार. हितं मला कुनी उठवनार नाय."

मी घाबरलो होतो. परक्या मुलखात ती माझ्यासमोर गेली तर मी काय करणार, एवढंच डोक्यात होतं. मी नरेशला म्हटलं, पाय धर. मी दंड धरले. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी तिला मारलं. जन्मात पहिल्यांदा, तोंडावर. ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं अंग सैल सोडलं. आम्ही तिला गाडीत घातली.

त्यानंतर तिनं कुणावर हात उगारला नाही. करंजाड्याला दोन-अडीच महिने जगली. दारापुढं कुणी स्कूटर लावली तरी "लावू दे" म्हणायची. मी मुद्दाम चहा सांडायचो, भाजीत मीठ जास्त घालायचो, की एखादी थोबाडीत तरी मिळेल. ती गप्प खायची. एका दुपारी खाटेवरच गेली.

कार्तिकात म्हाताऱ्याचा फोन आला. नरेशनं त्याला माझा नंबर दिला होता. "धान पक गया," तो ओरडून म्हणाला. "काटने को दीदी कब आ रही है?"

मी त्याला सगळं सांगितलं. हातपाय धरून आणली, मारलं, ते पण सांगितलं. मग त्यानं मला त्याच्या भाषेत शिव्या घातल्या. शब्द मला कळले नाहीत, पण शिव्याच होत्या. थांबला, तेव्हा मी फोन कानाला तसाच दाबून धरला आणि म्हटलं, "और दो."