मुक्कामी गाडीचे पाहुणे

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, मी ऑफिसात काय करते ते तुला सांगून कळायचं नाही." आणि मग सांगितलंसच. एखादं काम व्हायचं असेल तर त्यात कोणाकोणाचा जीव गुंतलाय, कोणाचं कोणाशी जमतं, कोण अडवू शकतं, हे आधी मांडायचं आणि मग सगळ्यांची मोट बांधायची. मला कळलं, बाळा. गेल्या वर्षी आपल्याच अंगणात मी ते होताना पाहिलं. त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही, म्हणून तुम्हा दोघा बहीणभावांना नीट क्रमानं लिहिते आहे.

आधी एक शब्द समजून घ्या, तुमच्या तिकडे तो नसेल. मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याच्या नेरहून निघालेली एसटी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आपल्या गावात येते आणि इथंच थांबते. पुढे रस्ताच नाही. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावात निजतात आणि पहाटे तीच गाडी नेरला परत जाते. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती आलीच नाही. डेपोत विचारलं तर म्हणाले, माणसं कमी, उत्पन्न कमी, फेरी बंद.

याच गाडीनं तुमची बहीण रोज कॉलेजला जायची. माझ्या धाकट्या जावेची नात, नेरला अकरावी सायन्सला. व्हिडिओवर तुम्हाला हृदयाची आकृती उलटी धरून दाखवत होती, तीच. तिचा बाप, म्हणजे माझा पुतण्या, काही कठोर माणूस नाही. पण तो म्हणाला, "मोठ्याई, मी काय दुश्मन हावो तिचा? जीपचा काही नेम नाही, अंधारात फाट्यावर पोरीले एकटं उभं करू काय? आता परीक्षेपुरतं जाईन ती. बाकी अभ्यास घरी."

"प्रॅक्टिकल घरी होत नाही, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

गावानं सह्यांचे अर्ज दिले होते. त्यांचं काही झालं नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, गोंधळ झाला की मला तो मांडून पाहावा लागतो. दुपारी अंगणात माझी जाऊ आणि बचत गटाच्या बाया तूर निवडत बसल्या होत्या. मी रांगोळीचा डबा आणला आणि ठिपके टाकायला लागले. मधला ठिपका पोरीचा. भोवती कॉलेज, सरपंच, डेपो, तांड्यावरच्या भाजीवाल्या बाया. काळीपिवळी जीप चालवणाऱ्याचा ठिपका मी लांब, तुळशीपलीकडे टाकला.

"त्याले तिकडं काहून फेकलं, बाई?" जाऊ म्हणाली.

"गाडी आली की त्याचा धंदा बुडतो. तो आपल्या विरुद्ध असणार."

"इचारलं काय त्याले?"

तो समोरच्या घरी जीप धूत होता. त्याला हाक मारली. रांगोळी पाहून आधी त्यानं चपला काढल्या, मग ऐकून घेतलं आणि हात जोडले. "काकू, पहाटेची सवारी मले देऊ नोका! माही बायको आवाज देते तरी मी उठत नाही. गाडी बंद झाली तवापासून सारं गाव अंधारात माह्या दारावर बोंबलून राह्यलं."

"तरीच हा पंधरा मिनटं उशिरा अन तोंड न धुता येते," एक बाई म्हणाली, आणि तुरीच्या सुपांवर हसू सांडलं. मी त्याचा ठिपका पुसून अलीकडे टाकला.

मग मी ठिपक्यांतून रेषा ओढल्या, तर सगळ्या डेपोकडे जात होत्या. जावेनं त्यावर बोट ठेवलं. "गाडी चालवते कोण?"

"डेपो," मी म्हटलं.

"डेपो कायले चालवते? डायवर चालवते."

ड्रायव्हर-कंडक्टरचा ठिपकाच नव्हता. माझ्या रांगोळीत नव्हता, गावाच्या एकाही अर्जात नव्हता. मी चिमूटभर रांगोळी घेऊन तो टाकला.

बाजाराच्या दिवशी जाऊ आणि मी नेरला गेलो. स्टँडच्या कँटीनमध्ये तो म्हातारा ड्रायव्हर भेटला, जो बरीच वर्षं आपल्या गावाला मुक्कामी येत होता. जावेनं सरळ विचारलं, "भाऊ, आमच्या गावाले येणं काहून सोडलं?"

त्यानं आम्हाला बाकावर जागा करून दिली. मग कपातला चहा फिरवत म्हणाला, "बाई, राग नोका मानू. उन्हाळ्यात तुमच्या गावानं नळाले कुलूप लावलं. मी बाटली घेऊन दारोदार फिरलो. देवळासमोर गाडी लावली तं भांडण, शाळेसमोर लावली तं भांडण. सीटवर मच्छर मारत निजाचं, सकाळी पाण्याचा डबा घेऊन वावरात जायाचं तं वावरवाला हाकलते. डेपोत आमी सारे म्हणतो, ती ड्युटी सोडून काईबी द्या. साहेब तरी कोणाले पाठवन?" आणि थांबून तो म्हणाला, "मुक्काम तुमच्या गावात, पण पाहुणे आमी कोणाचेच नाही."

तुमची धाकटी आजी कशी आहे ते आठवा. तिच्या दारातून बांगडीवाला पाणी प्यायल्याशिवाय गेलेला नाही. आम्ही जीपनं परत निघालो. फाटा आल्यावर म्हणाली, "इतके वर्षं माणसं आपल्या गावात निजली, बाई, अन आपण त्यांले गाडीसंगच मोजलं."

रांगोळी तोवर वाऱ्यानं पुसली होती. पण पुढच्या दिवसांत मी जे पाहिलं त्याला मी काय म्हणू? अंगणातल्या रेषा जणू उठून चालायला लागल्या. 'पाहुणे' हा शब्द जाऊ जिथं नेई, तिथं माणसाला अंग चोरता येईना. बचत गटाकडे समाजमंदिराची किल्ली होती, त्यांनी खोली दिली. सरपंचानं नळाची जोडणी दिली. जीपवाल्यानं झाडाखालची आपली जागा एसटीसाठी मोकळी केली.

तांड्याचं आणि आपल्या गावाचं शेतात जायच्या पाणंद रस्त्यावरून वाकडं होतं, एका सतरंजीवर कोणी बसत नसे. तांड्यावरची म्हातारी, जिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, ती समाजमंदिरातल्या बैठकीला स्वतः आली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथीच्या जुड्या नेरला न्यायला तिला हीच गाडी लागे. ती सतरंजीवर जावेला खेटून बसली आणि म्हणाली, "निजणं तुमच्याकडं, पहाटेचा चहा आमच्याकडं. पाहुणा का एकाच घरचा असते?" मी आयुष्यभर शाळेत पोरांकडून इंग्रजीत एकजुटीवर निबंध लिहून घेतले. एकजूट दिसते कशी, ते मला त्या सतरंजीवर दिसलं.

आणि पुतण्या. ज्यानं कॉलेज बंद म्हटलं होतं तोच शिडीवर चढून समाजमंदिरात पंखा बसवत होता, खाली लेक त्याला पेचकस देत होती. समाजमंदिराच्या संडासाच्या दाराला आतून कडी हवी, हे त्यालाच सुचलं.

म्हातारा ड्रायव्हर सुटीच्या दिवशी खोली पाहायला आला. नळ सोडून पाहिला, खाटेवर बसला, पंख्याकडे पाहिलं. जावेनं पितळी पेल्यात पाणी दिलं. ते पिऊन तो म्हणाला, "मीच मांगून घेतो ही ड्युटी." साहेबांच्या टेबलावर गाडी मागणारे अर्ज पुष्कळ होते, ती ड्युटी मागणारा माणूस नव्हता. फेरी सुरू झाली. उत्पन्न बघू आणि मग ठरवू, असं साहेब म्हणाले आहेत. आजवर तरी कोणी बंद म्हटलेलं नाही.

परवा पहाटे मी ओसरीवर उभी होते. गाडी निघाली आणि आपल्या घरासमोर येऊन थांबली. इथं थांबा नाही. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.

"मोठीबाई," ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "पोरगी दिसली नाही आज. बिमार हाये काय?"

बिमार नव्हती. वेणी घालत होती. पुतण्या तिचं दप्तर घेऊन धावत बाहेर आला, मागून ती, एक वेणी घातलेली, एक मोकळी. गाडीतल्या कोणीतरी तिच्यासाठी जागा केली, आणि तांड्यावर चहा वाट पाहत होता म्हणून गाडी जरा जोरातच गेली.