जिन्यावरचं गाऱ्हाणं

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण आमचं बोलणं बंद होतं. मी अॅम्ब्युलन्सवर अटेंडंट आहे. परळ-लालबागच्या पट्ट्यात दिवसभर पेशंट उचलतो आणि ठेवतो. गाडीत मागे बसलं की नातेवाईक देवाला काय काय कबूल करतात ते सगळं कानावर पडतं. कोणी नारळ बोलतं, कोणी उपास, कोणी अनवाणी येईन म्हणतं. त्यातले काही पेशंट घरी परततात, काही नाही, आणि कोणाला का ठेवलं, कोणाला का नेलं, हे मला कधी कळलं नाही. वडील गेल्यावर तर मी आमच्या गावच्या देवाच्या, रवळनाथाच्या तसबिरीसमोर हात जोडणंही सोडून दिलं. आई मला त्यावरून कधी बोलली नाही. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

देवापेक्षा माझा भरवसा पट्ट्यांवर. पेशंट स्ट्रेचरवर घेतला की छातीचा, मांड्यांचा, पायांचा असे सगळे पट्टे आधी लागले पाहिजेत, आणि हात चादरीच्या आत. घाबरलेला माणूस जिन्यात कठडा पकडतो आणि उचलणाऱ्यांना घेऊन खाली येतो, हे मी पाहिलेलं आहे. चाकांचं स्ट्रेचर उभं असेल तर ब्रेक लावायचा, तरीही एक हात त्याच्यावर ठेवायचा. उचलताना कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसून उठायचं. आणि हुकूम एकाच माणसाने द्यायचा. आमच्या चाळींमध्ये ही शेवटची गोष्ट कोणाला म्हणजे कोणाला पटत नाही. मदतीला सगळा मजला धावतो, आणि प्रत्येक जण सुपरवायझर असतो. मग माझं डोकं फिरतं. आमचा ड्रायव्हर फ्रान्सिस मला हेडमास्तर म्हणतो, तोंडावर म्हणतो.

त्या दुपारी आम्ही चिंचपोकळीला गाडी लावून चहा घेत होतो. कॉल आला, बाईंना धाप लागली आहे, आणि पत्ता ऐकून माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. पत्ता माझ्याच चाळीचा होता, खोली माझीच. पाठोपाठ बायकोचा फोन आला, तिला धड बोलता येत नव्हतं. फ्रान्सिसने आपला चहा ओतून दिला. त्याने गाडी अशी काढली की पुलापर्यंत मला कळलंच नाही आपण कुठे आलो.

आमचा जिना लाकडी, अरुंद, मध्येच वळणारा. चाकांचं स्ट्रेचर तिथे चढत नाही, म्हणून ते खाली चौकात ब्रेक लावून ठेवलं आणि हातावर उचलायचं हलकं स्ट्रेचर घेऊन वर गेलो. आई खाटेवर बसून होती, उशीवर रेललेली, ओठ काळेनिळे. पाय सुजलेले होते. ते तिने किती दिवस लपवले होते कोण जाणे. मला बघून तिने हसायचा प्रयत्न केला. शेकडो पेशंट हाताळलेला माणूस मी, पण ऑक्सिजनचा मास्क मी तिच्या तोंडाला आधी उलटाच लावला. भीती वाटली, सरळ सांगतो. वाटलं, आज आपला नंबर.

पाठीमागे उशा लावून तिला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे लावले, छोटा सिलिंडर पायांमध्ये घट्ट बांधला. आता उचलायचं, तर दारात माझी मावशी हात पसरून उभी. मावशी शेजारच्याच खोलीत राहते, आईची धाकटी बहीण. ती म्हणाली, पाय पुढे करून न्यायचं नाही. मेलेल्या माणसाला तसं नेतात. याच दारातून तुझ्या बापाला तसंच नेलं, ते मी विसरले नाही. डोकं पुढे करून न्या.

तिचंही खोटं नव्हतं. पण जिना उतरताना डोकं पुढे गेलं की डोकं खाली आणि पाय वर होतात. जिला बसूनसुद्धा श्वास पुरत नाही, तिला उलटं टांगल्यासारखंच ते. मी मावशीला हे नीट समजावायला हवं होतं. मी ओरडलो. मावशी रडायला लागली, पण दारातून हलली नाही. गॅलरीतल्या शेजाऱ्यांत लगेच दोन पक्ष पडले. कोणी म्हणालं स्ट्रेचर फिरवा, कोणी म्हणालं त्याचं काम आहे, त्याला करू द्या. आई मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटत होती आणि ते ऐकायला कोणी थांबत नव्हतं.

मी म्हटलं, बस झालं, धरा. मी, फ्रान्सिस आणि दोन शेजाऱ्यांनी चार कोपरे धरले आणि मी मोजलं, एक, दोन, तीन. आता तीन म्हणताना उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर, हे मी सांगितलंच नव्हतं. फ्रान्सिसला माझी सवय आहे, तो तीनबरोबर उठला. बाकीचे नंतर. स्ट्रेचर एका अंगाला कललं, आईचा हात चादरीतून सुटला आणि तिने हवेत काहीतरी पकडायला बघितलं. पट्टे होते म्हणून ती घसरली नाही. आम्ही स्ट्रेचर परत जमिनीवर टेकवलं. पुन्हा मोजायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात मावशीच्या मागून एक म्हातारा पुढे आला. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, काळासावळा, आमच्याच मुलखातला वाटावा असा. मी त्याला ओळखत नव्हतो. त्याने मावशीच्या डोक्यावर हात ठेवून तिला हळूच बाजूला घेतलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्या मालवणी माणसांत कोणतंही काम काढलं की एक जाणता माणूस मोठ्याने देवाला सांगणं घालतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला एका सुरात होकार भरतात.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकराक पाय फुडे करून खाली न्हेतंव. रीत मोडतंव ती हिचो श्वास ऱ्हवचो म्हणान. काय चुकला आसात तर आमच्या पदरात घाल, आणि हिका हिच्याच पायांनी वर हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी गॅलरी म्हणाली. मावशीसुद्धा.

रवळनाथाचं नाव त्याला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. आमच्याकडे बऱ्याच गावांचा देव तोच, त्यामुळे त्यात नवल नसेलही. पण तो होकार ऐकला आणि माझं डोकं जाग्यावर आलं. एवढी माणसं, एका क्षणी, एका दमात. माझ्या मोजण्याने जे झालं नव्हतं ते समोर झालेलं होतं. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही म्हणत राहा. व्हय म्हटलं की हात घट्ट, म्हाराजा म्हटलं की उचलायचं." हेडमास्तरने हुकूम दुसऱ्याच्या हातात दिला, असं फ्रान्सिस अजून सगळ्यांना सांगतो.

स्ट्रेचर पाण्यासारखं सपाट उचललं गेलं. पायांकडे फ्रान्सिस आणि शेजारचा एक धट्टाकट्टा माणूस, कारण उतरताना सगळं ओझं खालच्यांवर येतं. त्यांच्या पाठीला हात लावून आणखी एक जण पायऱ्या सांगत होता. डोक्याकडे मी आणि माझा एक शेजारी. प्रत्येक वळणावर टेकायचं, आणि वरून म्हाताऱ्याचा आवाज आला की पुन्हा उचलायचं. फ्रान्सिस रविवारी न चुकता चर्चला जाणारा माणूस, पण व्हय म्हाराजा त्याच्याइतकं खणखणीत कोणी म्हटलं नसेल. मी आईचा चेहरा बघत होतो, आणि माझ्याही तोंडातून ते निघत होतं. किती वर्षांनी, देव जाणे.

हॉस्पिटलमध्ये पोहोचलो. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. संध्याकाळी चाळीत परतून मी त्या म्हाताऱ्याची चौकशी केली. मावशीला वाटलं होतं तो आमच्या गावचा पाहुणा. शेजाऱ्यांना वाटलं होतं तो मावशीकडे आलाय. खालच्या मजल्यावरही कोणाला माहीत नव्हतं. असेल कोणीतरी, भलत्याच मजल्यावर चढलेला. मी त्यावर वाद घालत नाही. त्याचे पाय धरायचे राहून गेले, एवढीच हळहळ आहे.

आई बरी होऊन आली तेव्हा मी तिला वर न्यायला खुर्ची तयार ठेवली होती. तिने खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. थांबत थांबत चढायला डॉक्टरांची हरकत नव्हती, आणि हिला हिच्याच पायांनी वर आण, असं गाऱ्हाण्यात देवाला सांगून झालं होतं. ती कठडा धरून चढू लागली. मी एक पायरी मागे, दोन्ही हात पुढे, पण तिला न लावता. तिने तशी ताकीदच दिली होती. उचलणं माझ्या हाताला ठाऊक आहे, पण तयार राहून न धरणं त्या दिवशी फार जड गेलं. पडली तर? हा विचार दर पायरीला आला, आणि दर पायरीला मी तो रवळनाथाच्या हवाली केला. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

वळणावर ती दम खायला थांबली. मागे न बघता म्हणाली, "आसस मा रे मागे?"

"आसंय गे आये," मी म्हटलं. ते मी एकट्या तिलाच म्हटलं नव्हतं.